गोड्या पाण्यातली नाव

आमच्या कुंडलात मिलिटरीतून पेन्शनवर आलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांचं एक बरं असतं. आल्यावर काही महिने पहाटे उठून पळतात, मग उसाला पाणी पाजायला लागतात आणि हळूहळू माणसात येतात. लालासाहेब तात्या मात्र नेव्हीतून आले आणि माणसात यायचं नाव घेईनात. नेव्हीत ते होते स्टोअरला. दोरखंड, रंगाचे डबे, कड्या, बिजागऱ्या, सगळं मोजून द्यायचं आणि समोरच्याची सही घ्यायची. विशाखापट्टणम, कोची, पोर्ट ब्लेअर असं सगळं फिरले, पण नोकरी सगळी जमिनीवर. जहाजं त्यांच्या डोळ्यांदेखत यायची आणि रंगाचे डबे घेऊन निघून जायची. जन्मभर पंगतीत वाढपी राहिलेल्या माणसाला जशी भूक लागावी, तशी तात्यांना समुद्राची लागलेली होती.

मी सयाजी. स्टँडजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे, खतं-औषधं विकतो. तात्या आमच्या भावकीतले, त्यामुळे माझ्या दुकानाच्या बाकड्यावर बसून गिऱ्हाइकांसमोर मला अक्कल शिकवायचा त्यांना जन्मसिद्ध हक्क. ही हकिगत मी सांगायला लागलो की लोक म्हणतात, सयाजी तिखटमीठ लावतो. अजिबात लावत नाही. या हकिगतीत तिखटाचा आणि मिठाचा संबंधच नाही, खोट तिथंच आहे.

तात्यांना साधी होडी नको होती. किनाऱ्या-किनाऱ्यानं चार दिवस फिरता यावं, दोन माणसांना आत झोपता यावं, स्टोव्हवर चहा करता यावा, अशी अठरा फुटी शिडाची नाव त्यांना बांधायची होती. जयगडला पाण्यात सोडायची आणि किनारा नजरेआड होऊ न देता मालवण गाठायचं, हा बेत.

"तात्या, समुद्र हितनं घाटाच्या पल्याड हाय," मी म्हणायचो.

"म्हणूनच तर खालचा फाळ वर वढता येतोय," तात्या म्हणायचे.

हा फाळ म्हणजे काय, ते मला नको असताना पाठ झालेलं आहे. वारा नावेला नुसता पुढं ढकलत नाही, आडवंही सरकवतो. म्हणून तळातून एक जाड पातं पाण्यात उभं सोडायचं. नांगराचा फाळ मातीत असला की नांगर आडवा सरकत नाही, तसं. खोल पाण्यात फाळ खाली, उथळ पाण्यात दोरी ओढून फाळ वर, आणि रस्त्यानं नेताना फाळ नावेच्या पोटात. तो जिच्यातून वर-खाली व्हायचा ती पेटी नावेच्या मधोमध होती, म्हणजे माणसाला जिथं पाय पसरायचे असतात बरोबर तिथं.

मग नावेचे स्वभाव. युरियाला आलेला माणूस ते ऐकल्याशिवाय सुटायचा नाही. वारा आला की ही नाव पहिल्यांदा झटकन कलते, पण थोडी कलली की हट्टाला पेटते आणि आणखी कलत नाही, कारण पोटात वजन. सुकाणू सोडून दिलं तर आपसूक वाऱ्याकडं तोंड करून गप उभी राहते. आणि वाऱ्याच्या तोंडावर ती सरळ कधीच जात नाही, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं अशी नागमोडी जाते.

"आमचा थोरला बी सांजच्याला तसाच येतोय घरी," एक गिऱ्हाईक म्हणालं.

बांधकाम चालायचं गोठ्यात. गोठा तात्यांच्या बायकोचा, बनुकाकींचा. म्हणजे उतारा तात्यांच्या नावावर, पण गोठ्यात शब्द काकींचा. तात्यांनी "चार महिनं दे" म्हणून तो मागून घेतला आणि तीन पावसाळे सोडला नाही. म्हशी बाहेर ताडपत्रीखाली. आत तात्या प्लायवूडच्या फळ्या वाकवतायत, खिळे मारतायत, फटी बुजवतायत. आत झोपायची फळी किती लांब हवी हे बघायला ते एकदा जमिनीवर हातपाय ताणून निजले, तर धार काढायला आलेल्या काकींनी बोंब ठोकून अर्धी आळी गोळा केली. तात्या डोळे न उघडता म्हणाले, "गलका करू नगा, माप चुकंल."

शिडाची कथा वेगळीच. कापड म्हणून बेदाण्यावर झाकायची निळी ताडपत्री आणली. पण शिडाला पोट पाहिजे, नाहीतर वारा धरत नाही, आणि सपाट कापडाला पोट आणायचं तर टक्स घालावे लागतात. गावात टक्स घालणारा माणूस एकच, लेडीज टेलर ज्योतिबा. त्यानं टेप गळ्यात टाकून ताडपत्री उलटीपालटी करून पाहिली.

"अस्तर लावायचं का?"

"नगं."

"हुक पुढनं का पाठीमागनं?"

"पुढनं. डोलकाठीला."

ज्योतिबानं पुढं काही विचारलं नाही. पण शीड असं बेतलं की गावातल्या बायका बघायला यायच्या आणि फिटिंग चांगलं झालंय म्हणायच्या.

डोलकाठी गोठ्याबाहेर पहिल्यांदा उभी केली त्या दिवशी तर कहर झाला. उंच काठी, वरून चारी बाजूंना ताणलेल्या दोऱ्या, खाली दोऱ्या धरून घाम पुसणारी माणसं. वेशीकडून रंगुबाई म्हातारी येत होती. तिला ती जोतिबाची सासनकाठी दिसली. "चांगभलं!" म्हणून ती ओरडली, घरात जाऊन गुलाल घेऊन आली आणि तात्या काही बोलायला तोंड उघडेपर्यंत ते गुलालानं भरलं. पाठोपाठ निम्मी गल्ली आली. कुणी नारळ फोडला, कुणी खोबऱ्याच्या वाट्या उधळल्या. संध्याकाळपर्यंत डोलकाठी गुलाबी आणि तात्या त्याहून गुलाबी. धुतली तरी तिचा रंग पुरा गेला नाही.

मग नावेला नाव घालायचं आलं. ट्रॉल्या रंगवणारा पेंटर बोलावला. त्यानं ब्रश बुडवून विचारलं, "तात्या, मागं काय लिवू?" तात्या फटी बुजवण्यात गर्क होते. म्हणाले, "नाव." पेंटरनं सुबक अक्षरात, खाली सावली देऊन लिहिलं, 'नाव'. दोन्ही बाजूंनी कमळं काढली.

आता वजन. इथं नीट ऐका. पोटात घालायला बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ठोकळे हवे होते आणि सांगलीच्या एका फौंड्रीवाल्याशी तात्यांचं बोलणं झालेलं होतं. तात्यांची एक खोड अशी की गावच्या माणसाशी बोलताना नेव्हीचे शब्द टाकायचे आणि गावचे वापरायचे, ठोकळ्याला रवा म्हणायचे. कृष्णात टेम्पोवाला सांगलीला निघाला होता. तात्यांनी त्याला हात केला.

"कृष्णात, येताना माझं धा रवं घिऊन ये. तीस-तीस किलोचं. गोणपाटात शिवल्यालं आसूं देत. फुटका एक बी नगं."

कशाचे आणि कुठून, ते सांगायचं राहिलं. आणि कृष्णातला विचारायची गरज वाटली नाही. सांगलीच्या रस्त्यावर ज्याचा जन्म गेला त्याला रवा म्हटलं की जगात एकच वस्तू दिसते. तो तडक मार्केट यार्डात गेला आणि गुळाचे दहा रवे गोणपाटात शिवून घेऊन आला. आम्हाला हे कळलं फार उशिरा, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, माझ्या पोटात काही राहत नाही.

गोणपाट उघडायचं तात्यांच्या मनातही आलं नाही. स्टोअरवाला माणूस, पॅक माल उघडायचा नसतो हे रक्तात. फक्त एक अडचण झाली. ठोकळे अंदाजापेक्षा मोठे निघाले.

"तात्या, तीस किलोचं बीड एवढं ढोबळं?" मी विचारलं.

"हल्ली कशात जीव ऱ्हायलाय, सया? भेसळ," तात्या म्हणाले. त्यांनी आतली जमीन वीतभर वर उचलली, रवे ओळीनं मांडले, वरून फळ्या ठोकल्या आणि फटी डिंकानं बंद केल्या. त्यामुळे आत बसलेल्या माणसाचं डोकं छताला लागायला लागलं ते लागलंच.

दोन दिवसांत मुंगळे आले. गोठ्याच्या भिंतीवरून शिस्तीत रांग, नावेच्या पोटात जायची आणि दुसरी रांग पोटातून बाहेर यायची. मी दुकानातून पावडर आणून टाकली. मुंगळे पावडरीला वळसा घालून गेले.

"व्हडीला गूळ लागलाय का काय?" काकी म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या. तात्या हसले. मीही हसलो, दात काढून.

त्याच आठवड्यात ताडपत्री फाटली आणि काकींची दुभती म्हैस रात्रभर भिजून खोकायला लागली. काकी भडकल्या. बादली हातातच होती, ती आपटून त्या गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"आता बास. गणपती झालं की ही पाण्यात घाला. डिग्रजच्या खालनं सांगलीच्या घाटापतोर निस्ती शिडावर आली, तर ऱ्हाऊ दे. घाटाच्या पायरीला तिचं नाक लागाय पायजे. वल्हं मारलं, दोरी वढली, का कुणी ढकलली, तर फळ्या उपसून म्हशींची गव्हाण करायची. मग पुन्यांदा समुद्राचं नाव काढायचं न्हाई."

"आन ठरवायचं कुणी?" तात्यांनी विचारलं.

"मी. मी सोता बसनार व्हडीत. तुमचा भरवसा न्हाई."

तात्यांचं तोंड इतकं उतरलं की मला वाईट वाटलं. तीन वर्षांची मेहनत आणि पंचवीस वर्षांची भूक, आता सगळं एका दिवसाच्या वाऱ्यावर. ते रात्री माझ्या घरी आले आणि म्हणाले, "सया, तू माझा खलाशी." मला पोहता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. येत नाही.

गणपती बुडले, पूर ओसरला, नदी काठोकाठ पण शहाणी झाली. कृष्णातच्या टेम्पोत अर्धी नाव आत आणि अर्धी बाहेर, टोकाला लाल फडकं, अशी आम्ही ती डिग्रजच्या खालच्या अंगाला नेली. त्या पट्ट्यात मगरी आहेत. सगळ्यांना माहीत असतं, कुणी त्यावर जास्त बोलत नाही. मी दुकानातले रिकामे पाच लिटरचे कॅन स्वच्छ धुऊन आणले होते. एकेकाच्या पाठीला दोन-दोन बांधले. काकी म्हणाल्या, "औषधाचा वास येतोय." मी म्हणालो, "मगर जवळ येनार न्हाई."

वीस माणसांनी नाव पाण्यात ढकलली. तात्यांनी फाळ खाली सोडला, शीड वर ओढलं. ज्योतिबाच्या टक्सांत वारा भरला आणि शिडाला असं गोल पोट आलं की काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णात ओरडला, "सांगलीत भेटू!" आणि टेम्पो घेऊन गेला.

मी खरं सांगतो, मला ते फार आवडलं. इंजिन नाही, आवाज नाही, नुसतं पाणी फळीला चाटून जातंय आणि दोन्ही काठांचा ऊस मागं सरकतोय. पश्चिमेचा वारा बाजूनं येत होता. नाव एकदा कलली, मी कड घट्ट धरली, आणि तात्यांनी सांगितलं होतं तशी हट्टाला पेटून तिथंच थांबली. तात्या सुकाणू धरून बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. काकी मधल्या पेटीला टेकून, हाताची घडी घालून, पंचासारख्या बसलेल्या.

थोड्या वेळानं माझ्या पायाला गार लागलं. फाळाच्या पेटीच्या बुडाशी पाणी झिरपत होतं.

"नवी नाव पितीच जरा," तात्या म्हणाले. "पंप मार."

हातपंप मी मारायला लागलो. पाणी तांबूस येत होतं.

"तात्या, तांबडं पाणी येतंय."

"पुराचं पाणी तांबडंच आसतंय."

"फेस बी हाय."

"हलतंय म्हणून फेस."

"चिकट लागतंय हाताला."

"नवं लाकूड डिंक सोडतंय. पंप मार."

मी पंप मारत राहिलो. नावेमागं पाण्यात तांबूस पट्टा पडत होता आणि त्यात मासे उड्या मारत होते. कुठून तरी माश्या आल्या, मग गांधीलमाश्या. पंपाचा एक फवारा माझ्या तोंडावर उडाला, मी ओठ चाटले आणि थांबलोच.

"तात्या! पानी गोड हाय!"

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मास्तर शेवटच्या बाकाकडं बघतो. "मग? नदीचं पानी गोडंच आसतंय. खारट आसतंय ते समुद्राचं. एवढं बी कळंना व्हय रं तुला? पंप मार."

यावर काय बोलणार? माणूस नेव्हीतला. मी दुप्पट जोरानं पंप मारला. आणि मजा अशी की जसजसं पाणी उपसावं तसतशी नाव हलकी होऊन उडायला लागली. आधी म्हशीगत चालत होती, आता शेळीगत उड्या मारायला लागली. तात्या खूश. "बघ कशी पळतीया! फिटिंग बघ शिडाचं!"

काकी मात्र बराच वेळ माझ्या पायाशी बघत होत्या. त्यांनी वाकून साचलेल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. त्यांच्या माहेरी गुऱ्हाळ होतं.

"ह्यो गूळ हाय," त्या म्हणाल्या. मग परत बोट चाटून, "रंगासाठी लय पावडर मारलीया. आपल्या हिकडचा न्हवं ह्यो."

 तात्यांचे ओठ हलत होते. दहा रवे, गोणपाट, कृष्णात, मार्केट यार्ड, मुंगळे. मी त्यांच्या तोंडावर एकेक स्टेशन जाताना पाहिलं. मग ते किंचाळले, "सया, पंप थांबीव! तू माझं वजन भाईर फेकतूयास!"

"थांबीवला तर बुडतीया!"

"मारलास तर पलटतीया!"

याच वेळी मोठी झुळूक आली. झुळूक कसली, धक्काच. नाव कलली, आणि या खेपेला हट्टाला पेटायला पोटात काही शिल्लक नव्हतं. कलतच राहिली. कड पाण्याला टेकली. मी नेमका खालच्या बाजूला होतो. समोर पाण्यात एक लांबडं काळं ओंडक्यासारखं काही होतं. तो ओंडका होता की नव्हता यावर मी आजही बोलू इच्छित नाही.

"वरच्या अंगाला बसा!" तात्या ओरडत होते. "वाऱ्याच्या अंगाला! बने, वर सरक!"

काकी पेटीला टेकून होत्या. त्यांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा तात्यांकडं. मला तेव्हा लख्ख दिसलं की त्यांनी आता काहीच करायची गरज नाही. नुसतं बसून राहायचं. नाव आडवी होईल, कॅनवर तरंगत काठ गाठू, आणि गव्हाण तयार. मी म्हणालो, "काकी, आवं, तुमच्या पाया पडतो." तात्यांनी मात्र ओरडायचं बंद केलं होतं. ते नुसतेच काकींकडं बघत होते, सुकाणू छातीशी धरून.

काकींनी पदर खोचला, उठल्या आणि वरच्या कडेवर जाऊन बसल्या. चांगल्या बाहेर रेलून बसल्या. नाव कण्हली आणि सरळ झाली. काकींबद्दल मी आदरानंच बोलतो, पण दहा रव्यांनी जे केलं नसतं ते त्यांनी एका बैठकीत केलं.

पुढं सगळा कारभारच बदलला. झुळूक आली की काकी बाहेर रेलायच्या, गेली की आत यायच्या. मी पंप मारायचो. पुढं एका वळणावर वारा अगदी तोंडावर आला, तेव्हा नागमोडी जाणं आलं. प्रत्येक वळणाला शीड इकडून तिकडं जाणार, आणि काकींनी शिडाच्या आडव्या काठीखालून वाकून पलीकडच्या कडेवर जायचं.

"बाजू बदलतूया!" तात्या म्हणायचे.

"किती येळा उठबस करायची बाईमानसानं?" काकी म्हणायच्या आणि पलीकडं जायच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तात्यांनी सांगायच्या आधीच त्या उठल्या. आडवी काठी मला मात्र दरवेळी लागली, दोनदा कॅनला आणि बाकीच्या खेपा डोक्याला.

असे आम्ही सांगलीला आलो. पुलावर माणसं थांबून बघत होती. घाटावर ही गर्दी, कृष्णात सगळ्यात पुढं हात हलवतोय. पोलिसानं ओरडून विचारलं, "नाव काय नावेचं?" मी ओरडलो, "नाव!" त्यानं परत विचारलं, मी परत सांगितलं. तो चिडून दुसरीकडं बघायला लागला.

आणि पायरी दगड मारायच्या अंतरावर असताना वारा पडला.

पडला म्हणजे मेलाच. शिडाचं पोट गेलं, ताडपत्री लोंबायला लागली. पाण्याची ओढ आम्हाला हळूहळू घाटाला समांतर खाली नेऊ लागली. खाली बंधारा. कृष्णातनं दोरी फेकायला हात उचलला, तर तात्याच म्हणाले, "नगं. ठरलंय तसं."

वल्हं पायाशी होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. सुकाणू सोडलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. "बने, झालं," ते म्हणाले. "गव्हाण कर तुझी." इतक्या हळू म्हणाले की मला पंप थांबवावा लागला. 

काकी उभ्या राहिल्या. त्यांनी शिडाची आडवी काठी दोन्ही हातांनी धरली आणि सगळं शीड जोरानं एकीकडून दुसरीकडं हाणलं. मग परत. खळ्यात सूप घेऊन वारा घालावा तसं. नाव बदकासारखी हलली आणि हातभर पुढं गेली.

"बने, ह्येला शीड चालवणं म्हनत न्हाईत," तात्या म्हणाले.

"वल्हं मारलं?"

"न्हाई."

"कुणी ढकलली? दोरी वढली?"

"न्हाई."

"मग शिडावरच चाललीया. सुकानू धरा की! बसलाय काय पावन्यागत?"

तात्यांनी झडप घालून सुकाणू धरलं. मी काठीचं दुसरं टोक धरलं. "हाणा!" काकी म्हणायच्या आणि आम्ही हाणायचो. शेवटच्या टप्प्यात तात्यांनी दोरी ओढून फाळ वर घेतला. घाटावरची माणसं मोजायला लागली, पोरं नाचायला लागली, आणि नाव गुलाबी डोलकाठी डोलवत, माश्यांचा थवा घेऊन, घाटाच्या पायरीला नाक लावून उभी राहिली.

कृष्णात पाण्यात उतरून आला. "तात्या, रवं कसं निघालं?"

"विरघळलं," काकी म्हणाल्या.

गर्दी पांगली. कृष्णात चहा आणायला गेला. तात्या आणि काकी पायरीवर बसले, मी एक पायरी खाली डोक्याला ओलं फडकं लावून. तात्या नावेकडं बघत होते. मग म्हणाले, "बने, तू जागची हलली नसतीस तर पलटली आसती. तुझा गोठा मोकळा झाला आसता."

"गोठा आता बी मोकळा झालाच की," काकी म्हणाल्या. त्या लुगड्याचा चिकट काठ पिळत होत्या. "तुमी नोकरीला व्हता तवा सुट्टीला यायचा. ट्रंक उघडी ती उघडीच, परत जायाची घाई. ह्या व्हडीपायी तीन सालं घरात दिसला. म्हशी भिजल्या, पर गोठ्यातनं ठोकठोक यायची. तुमी हाय म्हनून कळायचं."

"मग मोडायची कशाला म्हनलीस?"

"पुरी झाली आसती तर तुमी गेला आसता. मोडली आसती तर माझी अट मोडून पुन्यांदा बांधाया घेतली आसती."

  माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते डोक्याच्या टेंगळामुळं नव्हे.

"मग सरकलीस कशाला?" तात्यांनी शेवटी विचारलं.

"तुमचं त्वांड बघवंना."

नदीवर परत वारा सुटला होता, आता काय उपयोग म्हणून मी त्याला एक शिवी हासडली. तात्यांनी घसा खाकरला. त्यांचा आवाज एकदम स्टोअरमधला झाला, कामाचा. "समुद्रावर न्यायची म्हंजे आता खरं बीड घालाय पायजे. फौंड्रीला फोन लावतो. दोन-तीनशे किलो तरी..."

"बीड नगं," काकी म्हणाल्या.

"आगं, वजनाबिगार पलटंल ती."

"मी हाय न्हवं वजनाला."

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. हसू ओठांवर आलं होतं, ते दाबून ते म्हणाले, "बीड मुकाट पडून ऱ्हातंय, बने. बोलत न्हाई."

"मी बोलनार," काकी म्हणाल्या.